दोन सीटची गाडी आणि माझा दादा

दादाच्या बाराव्याला आमच्या मुरबे गावातली माणसं जमली होती. लांबनं आलेलं कोणतरी बोललं, रामनाथचं कान लय तिखट, गाडीतला बारीक आवाज पण बरोबर पकडायचा. मी मान हलवली. पण खरं सांगते. माझ्या दादाला ऐकू येत नव्हतं. डावा कान पुरा गेलेला. उजव्याला फक्त जाड आवाज यायचा, ढोल, ट्रक, असं. शिट्टी नाय, कुकर नाय, माझी हाक नाय.

बोईसरमधी हे कोणाला माहीत नव्हतं. आमी दोघांनी सहा वर्षं लपवलं.

वीस वर्षं तो बोटीवर होता, इंजिनजवळ. तिथं सगळेच ओरडून बोलतात, म्हणून कोणाला कळलंच नाय का ह्याचं कान जातायत. एकदा मागच्या बोटीनं भोंगा मारला, ह्याला पत्ता नाय, थोडक्यात वाचला. त्या दिवशी बोट सोडली. लग्न केलं नव्हतं. मी पण नवरा गेल्यावर माहेरीच. सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. दादानं बोईसर-तारापूर रस्त्याला पत्र्याची शेड घेतली आणि गाड्यांचं काम चालू केलं.

काम असं का गाडीतली सीट, गालिचा, दाराची आतली फळी सगळं काढायचं. नुसता पत्रा राहतो. त्याच्यावर काळी चिकट शीट लावायची, वरनं चांदीच्या कागदासारखी असते ती, आणि रोलरनं दाबायची. पत्र्यावर टिचकी मारली तर आधी ठण वाजतं, मग ठप. रस्त्याचा आवाज आत येत नाय. डॅम्पिंग बोलतात. दादा ते हातानं ओळखायचा. चालू गाडीत पत्र्याला तळवा लावला का कुठं थरथर हाय ते त्याला सापडायचं.

बारीक आवाजाला मी. दुपारी बाजार उठला का शेडवर यायची. मालक आणि दादा चक्कर मारायला निघाले का मी मागच्या सीटवर. डावीकडं खडखड असली का दादाच्या डाव्या खांद्याला हळूच बोट लावायचं, उजवीकडं असली तर उजव्या. मालकाला वाटायचं बहीण फिरायला आली. शेजारचा टायरवाला नागोराव हसायचा.

"सुलूताई, रोज रोज हवा खायला जातेस, आमाला पण ने की."

"तुझ्याच टायरात भर ती हवा."

तोंडानं बोलायची, पण पोटात गोळा. ह्याला कळलं तर? बहिऱ्याकडं आवाज घालवायला कोण गाडी देईल? आणि तो रस्ता ओलांडायला लागला का माझा जीव अर्धा व्हायचा. मागनं कोणी हॉर्न मारला तर? मी कायम त्याच्या मागं चालायची. सहा वर्षं मी पुढं नाय चालली.

मागच्या वर्षी गणपती झाल्यावर निमेशशेठ आला. तारापूरला त्याच्या बापाचा कारखाना हाय. लाल गाडी, जमिनीला टेकलेली, पोरांनी रस्त्यात गर्दी केली बघायला.

"रामनाथभाई, इंजिनचा आवाज राहू दे, तो मला पाहिजे. रस्त्याचा नको. टायरची घरघर एवढी येते का डोकं उठतं."

दादा त्याच्या ओठांकडं बघत होता. हो बोलला. मी वाकून आत बघितलं. मागं सीटच नाय. दोनच सीट. मागं एक पिशवी मावेल एवढी जागा.

मी दादाला कोपऱ्यात घेतलं. "नको घेऊ ही गाडी."

"कशाला?"

"मी कुठं बसू?"

तो हसला. "तू डिकीत."

त्यानं घेतली. असली गाडी एकदा केली का तारापूरचे सगळे शेठ येतील, असं त्याचं. आठ दिवस राबला. खालचा पत्रा, चाकावरचा पत्रा, दारं. मग निमेशशेठ आणि तो दोघं चक्कर मारायला गेले आणि मी शेडच्या तोंडाशी उभी. नागोराव बोलला, आज हवा नाय मिळाली वाटतं.

आले तेव्हा दादाचा सदरा घामानं भिजलेला.

निमेशशेठ खुश होता. "घरघर गेली. फक्त जोरात गेलं का ती शिट्टी येते. ऐकली ना तुम्ही?"

"हो हो, ऐकली," दादा बोलला.

शेठ गेल्यावर दादानं मला विचारलं, "कुठनं येत असेल?" मी काय सांगणार, मी होती कुठं. शिट्टी म्हणजे हवा, हवा म्हणजे भोक, एवढं त्याला माहीत. मग तो आत बसला, बाहेरनं पंखा लावला आणि अगरबत्ती पेटवून सगळीकडं फिरवली. दाराच्या खाली धूर हलला. फळी उघडली तर दाराच्या तळाला चण्याएवढी तीन भोकं. दुसऱ्या दाराला पण तीन.

आमच्या बानं आमाला लहानपणी एकच शिकवलेलं. भोक दिसलं का आधी बुजव, मग विचार कोणी पाडलं. होडीच्या फळ्यांमधी कापूस कोंबायचा, वर डांबर, हे काम आमी दोघांनी केलेलं. दादानं सहाच्या सहा भोकं शीटनी बंद केली, वरनं बोटानं दाबली.

"आता पाण्यात टाकली तरी बुडायची नाय," तो बोलला.

मला पण बरोबरच वाटलं. आधीच्या गाड्यांची दारं तो अर्धीच करायचा, एवढ्या खाली कधी गेलाच नव्हता. गाडीच्या दारात पाणी मुद्दाम शिरू देतात आणि खालनं जाऊ देतात, हे दर्याच्या माणसाला कोण सांगणार?

पाच दिवसांनी शेठ परत आला. मधी पाऊस झालेला. तोंड उतरलेलं. "शिट्टी तशीच हाय. आणि अजून कसला तरी आवाज येतो. उद्या मला सुरतला जायचंय. चला, बसा."

दादा उठला. त्याचं तोंड मी बघितलं आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, "मी बसते."

"तुम्ही, मावशी?"

"बायकांचं कान बारीक असतं. सीटला सुकटीचा वास लागेल वाटत असेल तर पेपर घालते खाली."

तो नाइलाजानं हसला. मी खरंच पेपर घातला.

पालघरवरनं मनोरच्या रस्त्याला लागलो. गाडी एवढी गप का मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. दादाच्या हाताचं काम ते. जोरात गेलो तशी शिट्टी आली, वरनं, आरशाजवळच्या रबरातनं. दाराच्या खालनं नाय. मासवणच्या आधी वळण आलं, गाडी कलली, आणि माझ्या पायाजवळ दारात खळक झालं. परत सरळ झाली, परत खळक.

होडीच्या तळाला पाणी आलं का असाच आवाज येतो. मी लगेच ओळखला. शेठनं काच खाली घ्यायला बटण दाबलं, काच अर्ध्यात अडकली, आत घर्र झालं.

गप्प बसायचं का? घरी जाऊन दादाला सांगता आलं असतं. पण हा उद्या सुरतला जाणार, दारात वायरी, वायरीत पाणी. काय झालं तर?

"शेठ, दारात पाणी हाय. खालची भोकं दादानं बुजवली."

त्यानं गाडी बाजूला घेतली. "शिट्टी तर वरनं येते. त्यांनी स्वतः ऐकली, हो बोलले. मग खाली कशाला गेले?"

मी हात जोडले. "त्याला ऐकू येत नाय, शेठ."

परत आलो. शेडवर दादा पाठमोरा बसलेला. शेठ त्याच्या मागं जाऊन उभा राहिला आणि मोठ्यानं बोलला, "रामनाथभाई!" दादा रोलर पुसतच राहिला. नागोराव टायर सोडून बघत होता. मग शेठ समोर गेला आणि लहान पोराला सांगतात तसं ओरडून बोलायला लागला.

"ओरडू नका," दादा बोलला. "तोंड दिसू द्या, कळतं मला."

मग त्यानं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी विसरणार नाय. खाली बसला, भोकं उघडली. पाणी धारेनं पडलं, फरशीवर वाहत नागोरावच्या दुकानापर्यंत गेलं. आरशाजवळचं रबर मी दाखवलं, त्यानं बोट फिरवलं, फाटलेलं सापडलं, बदललं. काचेची मोटर सुकवली, चालू केली. शेठ गाडी घेऊन गेला.

दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाय. तिसऱ्या दिवशी जेवताना बोलला, "मला सांगायचं होतंस. त्याला कशाला?" मी बोलली, "तू बसला असतास तर हो हो करून आला असतास."

नागोरावनं बाजारभर केलं. बहिऱ्याचं दुकान. दहा दिवस एक गाडी आली नाय.

अकराव्या दिवशी शेठच्या बापाची मोठी गाडी घेऊन ड्रायव्हर आला. बोलला, "शेठने बोला है, इसमें पीछे सीट है, मावशी को भी बिठाना." दादा लय दिवसांनी हसला.

मग त्यानं कानाची मशीन घेतली. पहिल्या दिवशी शेडमधी बसला आणि बाजूला टायर ठोकत होते. मला बोलला, "एवढा आवाज असतो इथं? आणि तू रोज बसायचीस?"

मशीन आल्यावर माझी काळजी कमी झाली. रस्त्यात मी त्याच्या पुढं चालायला लागली. आधी त्याला उठवायचं तर जवळ जाऊन खाटेच्या लाकडावर थाप मारायची, ती त्याला अंगात कळायची. मशीन आल्यावर मी चुलीजवळनंच हाक मारायची.

गेल्या महिन्यात दुपारी जेवून पडला होता. मी चहा ठेवला. हाक मारली. परत मारली. तिसऱ्यांदा पण मारली. वाटलं, मशीन काढून झोपला असेल. चहा गाळला, झाकून ठेवला, वाळत घातलेले बोंबील उलटून आली. माझ्या पोटात गोळा आला नाय. एवढी वर्षं रोज यायचा, त्या दिवशी आला नाय.

मग जवळ गेली. मशीन कानातच होती.

मी खाटेवर थाप मारली. आधी हळू, मग दोन्ही हातांनी.