तिरडीवरचं काम

आमच्या सुलतानपूरला सिनेमावाले आले तेव्हा मी शाळेतल्या क्लार्कच्या नोकरीतून नुकताच निवृत्त झालो होतो. गणपतीतल्या नाटकांत तीस वर्षं कामं केल्यामुळे सिनेमाला माझी गरज आहे, याबद्दल मला शंका नव्हती. गर्दीसाठी माणसं निवडणाऱ्या मुलीला मी एक जुना संवाद हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवला. तिनं तो शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, "काका, तुम्हाला अजिबात हलायचं नाहीये."

मला प्रेताचं काम मिळालं होतं.

गावात मी एवढंच सांगितलं, की सगळा सीन माझ्याभोवती आहे. बायकोला मात्र खरं सांगावं लागलं.

"जित्या माणसानं तिरडीवर झोपावं काय?" ती भडकली. पण मला एकट्याला तसं सोडणं तिला जमेना म्हणून सोबत आली. रडणाऱ्या बायका कमी पडत होत्या, तेव्हा तिलाच माझ्या उशाशी बसवलं. मी तिरडीवरून तिला धीर दिला, "घाबरू नको, मी हावो ना."

"ॲक्शन" झालं. बाकीच्या बायका पदराआड हसत होत्या. माझ्या बायकोनं असा हंबरडा फोडला की प्रेताच्या अंगावर काटा आला.

"असे कसे सोडून गेले हो मले! आता चहात साखर कमी झाली म्हनून कोन बोंबलन? वावरातली मोटर चालूच ठेवून गेले हो!"

मोटर मी सकाळीच बंद केली होती. चार माणसांत असा खोटा आळ!

"केली ना वं बंद!" मी म्हणालो. डोळे मात्र उघडले नाहीत, तेवढी शिस्त पाळली.

सगळ्यात जास्त वेळ दिग्दर्शक हसला. मग त्यानं मला उतरवलं आणि त्यांच्या एका ड्रायव्हरला तिरडीवर झोपवलं. तो खरंच झोपला. कॅमेरा माझ्या बायकोच्या अगदी जवळ नेला. मी मागे, गर्दीच्याही मागे, खांद्यावर टॉवेल टाकून उभा. माझी बायको परक्या माणसासाठी रडत होती, आणि माझ्यासाठी रडली त्यापेक्षा कितीतरी चांगली.

घरी जाताना मी विचारलंच, "त्या ड्रायव्हरसाठी एवढं रडू कुठून आलं तुले?"

"त्याच्यासाठी काऊन रडू मी? तुमी उठून गेले अन् ती तिरडी रिकामी दिसली. मंग..."

अशा वेळी शहाणा माणूस गप्प राहतो. मी म्हणालो, "आवाज मात्र जरा जास्तच चढला होता तुझा." ती भराभर पुढं निघून गेली.

सिनेमा आला. तिचा हंबरडा सबंध ठेवला आहे. माझा टॉवेलसुद्धा दिसत नाही. दोन दिवस नातेवाइकांचे फोन येत राहिले. मी उचलायचो, आणि पलीकडून आवाज यायचा, "वहिनीले द्या ना जरा."