अप्पांच्या रेडिओतली घरघर

गेल्या आठवड्यात एका सकाळी, माझी चटणी मिक्सरमध्ये अर्धवट असताना, अप्पांनी घराचा मेन स्विच बंद केला. न सांगता. कुंभकोणमचा उकाडा ज्यांना माहीत आहे, त्यांना माझा चेहरा कसा झाला असेल ते सांगायला नको...

अप्पा म्हणजे माझे सासरे. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम. लायसन्स, कॉल साइन, गच्चीवर ताणलेली अँटेनाची लांबलचक तार, सगळं रीतसर. घराणं तंजावरच्या राजांच्या काळात इकडे आलेलं, त्यामुळे घरात बोलतात मराठीच, पण इतकी जुनी की मी नाशिकहून लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही महिने नुसती मान डोलवायचे.

रोज सकाळी कॉफी झाली की अप्पा रेडिओवर गोविंदरावांशी बोलतात. हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र, हल्ली कोइमतूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये असतात. बायको गेली, घरात आता सगळे तमिळच बोलतात... आपली मराठी त्यांच्या तोंडी येते ती या रेडिओवरच. फोन का नाही करत, हे मी विचारून बघितलंय. फोनवर दोघंही 'बरंय, बरंय' करतात आणि दोन मिनिटांत ठेवून देतात.

तर महिनाभरापासून अप्पांच्या रेडिओत नुसती घरघर. गोविंदरावांची तार बाल्कनीतली, आखूड, त्यामुळे त्यांचा आवाज मुळातच बारीक येतो. तो या घरघरीत पार बुडून जायचा. अप्पा हेडफोन कानाला दाबून तेच तेच परत विचारायचे आणि मग जेवायला गप्प बसायचे. मला बघवेना हो.

अप्पांचं म्हणणं, हल्लीचे स्वस्त ॲडॅप्टर, चार्जर, एलईडी दिवे असा गोंगाट हवेत सोडतात. रेडिओ बॅटरीवर चालवायचा, घरची वीज बंद करायची... घरघर थांबली तर चोर घरातलाच. म्हणून ते मेन स्विच प्रकरण. पण घरघर काही थांबली नाही.

मग चोर बाहेरचा ठरला. मी आणि अप्पा छोटा ट्रान्झिस्टर घेऊन गल्लीत फिरलो, प्रत्येक घरापुढे थांबून, कान देऊन. समोरच्या मामींनी आम्हाला क्रिकेटचा स्कोअर विचारला. गंमत म्हणजे आमच्या घरापासून लांब जावं तशी घरघर कमी व्हायची, आणि परत आलो की वाढायची. ओसरीवर जास्त, हॉलमध्ये आणखी जास्त... आणि देवघराच्या दाराशी तर ट्रान्झिस्टरने नुसता आकांत मांडला.

मी कपाळावर हात मारला. देवघरात नंदादीप आहे. या घरात तो पिढ्यान् पिढ्या विझलेला नाही, आणि तो जपणं हे अम्माचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं काम. महिन्यापूर्वी तेल घालताना त्यांचा हात भाजला, म्हणून नवऱ्याने ज्योतीसारखा दिसणारा एलईडी दिवा आणून लावला. वीज गेली तरी तो विझू नये म्हणून त्याला वेगळा छोटा इन्व्हर्टरही दिला. घरातलं सगळं बंद करताना त्याला कोणी हात लावला नाही, कारण देवाचा दिवा हे विजेवरचं उपकरण आहे असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही!

अप्पांनी ट्रान्झिस्टर बंद केला आणि मला खुणेनेच गप्प राहायला सांगितलं. अम्माला हे कळलं तर जीवाला लावून घेईल, म्हणाले. त्या दिव्याची वायर त्यांनी असा गोंगाट अडवणाऱ्या एका फेराइटच्या कड्यात वेढे घालून गुंडाळली, त्याने घरघर थोडी उतरली, पण गोविंदराव काही ऐकू येईनात. तरी अप्पा रोज बसत राहिले.

माझ्या पोटात काही राहत नाही. अम्मांनी त्या कड्याबद्दल विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. त्या ऐकून घेऊन तशाच देवघरात निघून गेल्या. मला वाटलं, संपलं, आता अप्पा माझ्यावर भडकणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी रेडिओ लावला आणि घरघर एकदम थांबली. ते गडबडले. वीज गेली समजून उठले आणि देवघराशी येऊन थबकले. अम्मांनी माळ्यावरची, इथल्या जवळच्याच नाचियारकोविल गावची पितळी समई घासूनपुसून तेलाने लावली होती. आधी ती ज्योत लावली, मगच एलईडीचा स्विच बंद केला. भाजलेला हात मांडीवर ठेवून त्या समईवर नजर ठेवून बसल्या होत्या.

"दिवा तेवतोच आहे ना? मग झालं," अम्मा म्हणाल्या. "तुम्ही जा, बोला. ते वाट पाहत असतील."

अप्पा परत गेले. हेडफोन लावायचा राहूनच गेला, त्यामुळे गोविंदरावांचा आवाज घरभर ऐकू आला. बारीक, पण शब्द न् शब्द स्वच्छ.

"अरे, मला वाटलं माझाच आवाज आता कोणापर्यंत पोचेना," ते म्हणत होते. "आज शेवटचं बघून यंत्र गुंडाळणार होतो."

अप्पांनी बोलायचं बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं... मी चक्क रडत होते. अम्मांनी वळूनही पाहिलं नाही, समईची वात तेवढी सारखी केली.

अप्पा आता त्या एलईडी दिव्याला जुन्या, जड ट्रान्सफॉर्मरचा ॲडॅप्टर जोडताहेत, तो असा गोंगाट करत नाही. तोवर रोज सकाळी अम्मा समईपाशी बसतात आणि दोघा मित्रांच्या गप्पा चालतात. एकाने न ऐकू येणं सोसलं पण बोलला नाही, दुसरीने कोणी न मागता वाट काढली... अशा माणसांच्या घरात मी सून म्हणून आले, याचं मला फार, फार बरं वाटतं.