देनित्साच्या पाणपोईचं पाणी

रुमेनाकडे कॉफी प्यायला जाणं ही एक शिक्षाच आहे. किती साखर घालू, असं साधं विचारणार नाही. एका कपात कमी, दुसऱ्यात जास्त घालून दोन्ही पुढे ठेवते आणि म्हणते, "चाखून सांग. अंदाजाने बोलू नकोस." आम्ही दोघी एकाच शाळेत. मी गाणं शिकवते, ती सहावी-सातवीला विज्ञान. या डोंगरातल्या गावात पोरं मोजकी, पण जी आहेत ती तिच्यावर जीव टाकतात. मला कधीकधी जळायला होतं, खोटं कशाला बोलू!

तिच्या फळ्याच्या कोपऱ्यात एक ओळ कायम असते: एका वेळी एकच गोष्ट बदला. ती पुसणाऱ्याची धडगत नाही. कुणी पोरगं म्हणालं, माझ्या आजीचं दही सगळ्यांत घट्ट, की झाली ही सुरू. दूध एकच, भांडी सारखी, ऊब सारखी, विरजण तेवढं वेगळं. मग डोळ्यांवर फडकी बांधून चाखायचं. दोन आज्या अजून एकमेकींशी बोलत नाहीत.

गेल्या नाताळाच्या आधी तिने पाण्याचा प्रयोग घेतला. गावात झऱ्याच्या तीन पाणपोया आहेत आणि माझीच गोड म्हणून लोक वर्षानुवर्षं भांडतात. रुमेना म्हणाली, भांडता कशाला, घेवड्याचे दाणे रुजवून बघू.

त्यांतली वरच्या रस्त्याची पाणपोई मानोलकाकांची. काका पाथरवट. त्यांची लेक देनित्सा घाटात बस उलटून वारली, तेव्हा स्वतःच्या हाताने दगड घडवून त्यांनी तिच्या नावाने ही पाणपोई बांधली. तिथे पाणी प्यायलेला माणूस तोंड पुसतो आणि म्हणतो, "देव देनित्साला शांती देवो." आमची रीतच आहे ती. काका समोरच्या बाकावर बसून ते ऐकत. त्यांची बायको, पेनाकाकू, गेल्यावर तर त्यांना दुसरा विरंगुळाच उरला नव्हता. चार माणसांच्या तोंडून लेकीचं नाव ऐकलं की म्हातारा उठून जेवायला जाई.

पोरांनी पाणी आणलं, दाणे कापसावर ठेवले, खिडकीत वाट्या मांडल्या. पाणी घालताना इस्क्रा नावाची एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "बाई, या पाण्याला आमच्या तळघरासारखा वास येतोय."

वर्ग खो खो हसला. हिवाळ्यात आमच्याकडे घरोघरी तळघरात पिंपात कोबी आंबत असतो. जिन्याला वास, कोटाला वास, केसांना वास. कोण कुणाच्या वासाकडे लक्ष देतंय!

रुमेना मात्र हसली नाही. "शाबास! याला म्हणतात निरीक्षण. लिहून घ्या, देनित्साच्या पाण्याला वास येतो."

बाकीच्या वाट्यांमध्ये घेवडा तरारून वर आला. देनित्साच्या पाण्यातले दाणे काळे पडून कुजले. पोरांनी मोठा तक्ता रंगवून नाताळच्या कार्यक्रमाला दारातच लावला. खाली बारीक अक्षरांत रुमेनाने लिहिलं होतं: "कारण अजून तपासायचं आहे." ते वाचतंय कोण? वाचलं सगळ्यांनी कुजलेल्या दाण्यांचं. त्यात सुट्टी लागली आणि तपासायचं राहून गेलं.

बर्फ साचायच्या आत गावभर झालं होतं. पाण्यात विष आहे, वरच्या जुन्या खाणीतून काहीतरी झिरपतंय, बाईंनी विज्ञानाने सिद्ध केलंय. वरच्या रस्त्याने जाणारे खालून जायला लागले. एक दिवस पाहिलं तर पाणपोईच्या नळीत लाकडी खुंटी ठोकलेली. काकांनी स्वतःच ठोकली होती. बाक रिकामा.

"वाईट झालं गं," रुमेना मला म्हणाली, "पण जे आहे ते आहे."

मग आला त्रिफोनचा दिवस. द्राक्षाच्या वेली छाटायच्या आणि वाइन प्यायची. आमचे यजमान छाटायला एक वेल आणि प्यायला अख्खा मळा, असे! दुसऱ्या दिवशी डोकं धरून कण्हत बसले. यावर आंबलेल्या कोबीच्या खारासारखं, त्या आंबट-खारट पाण्यासारखं, औषध नाही. आमचा खार संपलेला, म्हणून मी रुमेनाकडे गेले.

"थांब, तुझ्या राजाला भरून देते," म्हणत तिने कोपऱ्यातला निळा प्लास्टिकचा कॅन ओढला आणि पिंपाच्या तोटीखाली धरला. खार पडायला लागला आणि ती एकदम थिजली. कॅन भरून वाहायला लागला, तिच्या चपला भिजल्या, तरी हलेना.

"अगं बये, तोटी बंद कर की!"

"हाच कॅन दिला होता मी पोरांना," ती म्हणाली. "दोन ठिकाणचं पाणी बाटल्यांतून आणलं. तिसऱ्या बाटलीला बूच नव्हतं, म्हणून देनित्साच्या पाण्यासाठी घरून हा नेला. आत बघितलंसुद्धा नाही, गं. तळाशी खार राहिला असणार. इस्क्राने सांगितलं होतं मला! पोरीने तोंडावर सांगितलं आणि मी तिला शाबासकी देऊन ते पाण्याच्याच माथी मारलं."

ती खाली ओल्या फरशीवर बसून रडायला लागली. मी म्हटलं, जाऊ दे, चूक कुणाची होत नाही? तर माझ्यावरच खेकसली, "पाणी बदललं आणि भांडंही बदललं. फळ्यावर वीस वर्षं काय लिहितेय मी?"

मुख्याध्यापक म्हणाले, "लोक विसरतील. कशाला उगाच शाळेची शोभा?" तिने ऐकलं नाही. वर्गात उभी राहून पोरांना म्हणाली, "प्रयोग चुकला. तुमचा नाही, माझा. आता हा कॅन खरंच दोषी आहे का, हे कसं शोधाल ते तुम्हीच सांगा."

इस्क्राने सांगितलं. देनित्साचं पाणी स्वच्छ बाटलीतून आणायचं. आणि शाळेच्या नळाचं पाणी अर्धं स्वच्छ बाटलीत, अर्धं तळाशी खार असलेल्या कॅनमध्ये भरायचं. कुठल्या वाटीत काय, हे रुमेनालासुद्धा कळू द्यायचं नाही, म्हणून नुसते आकडे. देनित्साचा घेवडा तरारून आला. बाटलीतल्या नळाच्या पाण्याचाही आला. कॅनमधल्या पाण्यातला तेवढा कुजला.

जुन्या तक्त्यावर नवा तक्ता लावून रुमेना काकांकडे निघाली. एकटीने जायचा धीर होईना, म्हणून मला ओढलं. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो आणि दोन ओळी छापून तो कागद दारावर लावतात. काकांच्या फाटकावर पेनाकाकूंचा कागद कायम असायचा. तो आता खरवडून काढला होता.

काका चुलीपाशी बसले होते. रुमेनाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कॅन, खार, वास, सगळं. "पाणी चांगलं आहे, काका. माझीच चूक झाली. गावात दारोदार जाऊन सांगेन."

काकांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाले, "पेनाचं पोट वर्षभर दुखत होतं. दुसरं पाणी तिला चालायचं नाही. लेकीचं पाणी आण, म्हणायची. मरेपर्यंत मीच कळशी भरून आणत होतो." त्यांनी रुमेनाकडे पाहिलं. "म्हणजे मी नाही ना मारलं तिला?"

रुमेना त्यांच्यासमोर खाली बसली. "नाही हो, काका, मुळीच नाही," ती म्हणाली.

"तेव्हाही तू असंच ठामपणे सांगितलं होतंस, पोरी."

काका उठून खिडकीपाशी गेले.

"माझ्यासमोर कर," काका म्हणाले. "इथे. माझ्या खिडकीत."

तिने केलं. रोज शाळा सुटली की काकांच्या घरी. काकाच खुंटी काढून पाणी भरत, परत ठोकत. वाट्यांना आकडेही त्यांनीच दिले. ती नुसती हात मागे बांधून उभी राहायची. कॉफी विचारली नाही त्यांनी तिला कधी.

घेवड्याला पानं फुटली त्या दिवशी मीही होते. काकांनी वाटी डोळ्यांजवळ नेली, फिरवून फिरवून पाहिली. मग आत गेले आणि पिठाची खळ कालवून आणली. फाटकाशी जाऊन पेनाकाकूंचा नवा कागद लावायला लागले. कागद तिरका जात होता. रुमेना धरायला पुढे झाली.

"राहू दे," ते म्हणाले. "मी लावतो."