हत्तीची सोंड

२० ऑक्टोबर २००७, शनिवार, खंडेनवमी. लंडनमधलं आमचं ईलिंगचं घर. हजर: सासरे, नवरा, इल्फर्डहून आलेला धाकटा दीर आणि मी.

पाटावर नवऱ्याचा ड्रिल, माझी कात्री आणि किचनमधल्या सुऱ्या मांडून झाल्या होत्या. मधली जागा कट्यारीची. सासऱ्यांच्या घराण्यात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, कोल्हापूरहून त्यांनी सोबत आणलेली एकच जुनी वस्तू. उन्हाळ्यात दीर इन्शुरन्ससाठी व्हॅल्युएशन करायला म्हणून घेऊन गेला. आठवड्याभराचं काम. कट्यार परत आली ती आज, नव्या निळ्या मखमलीत. मखमल कशाला, हे मला तेव्हाच खटकलं.

"पोलिसांनी गाडी थांबवली असती तर?" नवऱ्याने विचारलं.

"सांगितलं असतं, घरचा देव आहे, डिकीत झोपलाय," दीर म्हणाला.

कट्यार लखलखत होती. पात्याच्या बुडाशी हत्तीवर चढलेला सिंह कोरलेला आहे, आणि वर्षानुवर्षांच्या हळदकुंकवाने तो पार बुजून गेला होता. सासरे दर खंडेनवमीला चित्राचा अर्थ सांगत. सिंह म्हणजे कट्यार बाळगणारा, हत्ती म्हणजे शत्रू. पण हत्तीच्या सोंडेचा सिंहाच्या पायाला विळखा आहे. जिंकणाऱ्याचाही पाय अडकलेला असतो, हे मूठ धरणाऱ्याने विसरू नये म्हणून कारागिराने तो मुद्दाम कोरला. कुंकवाच्या थराखाली आम्हाला विळखा कधी दिसला नव्हता. आम्ही मान डोलवायचो.

आज सगळं स्वच्छ दिसत होतं. सोंड सरळ खाली लोंबत होती.

"भाऊजी, ही आपलीच ना?"

"काय वहिनी. टूथब्रशने घासून आणली तर चौकशी. नसती घासली तर म्हणाला असतात, आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये असली अवजारं चालत नाहीत."

मी थिएटर सिस्टर, म्हणून हा टोमणा. सगळे हसले. हो किंवा नाही मात्र तो म्हणाला नाही. व्हॅल्युएशनचं विचारलं, तर म्हणे अजून आलेलं नाही.

सासऱ्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी कट्यार मांडीवर घेतली, चित्रावरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. सिंह म्हणजे बाळगणारा, हत्ती म्हणजे शत्रू, एवढं सांगितलं आणि थांबले. सोंडेचं नावच काढलं नाही. मग कट्यार माझ्या हातात देत म्हणाले, "सिंहाच्या पायापाशी कुंकू जरा दाबून भर."

मी भरलं.

तोवर माझा संशय फक्त दिरावर होता. रात्रीची भांडी लावताना दुसरा आला: विळखा मुळात होता का? की ती गोष्ट सासऱ्यांनीच रचली, आणि कुंकवाने इतकी वर्षं सांभाळली?

खात्री करता येईल. आमच्या लग्नात नवऱ्याच्या हातात हीच कट्यार होती, खास लग्नासाठी लख्ख घासलेली; त्या गडबडीत चित्र निरखून बघायला कोणाला सवड होती. आल्बममध्ये जवळून काढलेला फोटो आहे. त्यात विळखा असला, तर त्यांच्या धाकट्या मुलाने त्यांना फसवलंय. नसला, तर दर वर्षी त्यांनी आम्हाला.

आल्बम लॉफ्टमध्ये खिडकीकडच्या खोक्यात आहे. शिडी गॅरेजमध्ये आहे. फ्रिजवरच्या यादीत "आल्बम खाली काढणे" त्याच आठवड्यात लिहिलं. त्यानंतरची कामं केव्हाच खोडून झाली. यादी मी दोनदा नव्याने उतरवली, दोन्ही वेळा हे काम वर घेतलं. शिडी अजून गॅरेजमध्येच आहे.