सोनवणे मामांची तोंडी परीक्षा

आमच्या विषयात एक नियम आहे: चूक कितीही बारीक असो, ती दर मिनिटाला साचत जाते. किस्स्यांचंही तसंच! नाशिकच्या अंबड भागातल्या आमच्या छोट्या कारखान्यात मला अजून वर्षही झालं नाही, पण सांगायला बसले की हातातला चहा गार होतो.

आम्ही एक डबा बनवतो. आपण किती वळलो, किती वेगाने निघालो, एवढंच मोजत राहून तो आपली जागा सांगतो. बोगद्यात, खाणीत, जिथे जीपीएस पोचत नाही तिथे. याला म्हणतात इनर्शियल नेव्हिगेशन. मेलबर्नहून शिकून परतताना त्यावरचं नऊशे पानांचं पुस्तक मी हातातल्या बॅगेत वागवत आणलं. वाटलं होतं, सगळे त्यावर तुटून पडतील. आठवड्याने पाहिलं तर पुस्तक खरंच वापरात होतं. नुकत्याच चिकटवलेल्या पट्टीवर वजन म्हणून!

"चांगलं पुस्तक हाय, ताई," सोनवणे मामा म्हणाले. "पट्टी केसभर हलली नाय."

*

मामा निफाडकडचे. शिक्षण दहावी, आणि टेस्टिंगच्या टेबलावर अठरा वर्षं. दिवाळीआधी ग्राहकाचे इन्स्पेक्टर येऊन टेबलावरच्या प्रत्येकाची तोंडी परीक्षा घेणार होते. नापास झाला की पॅकिंगला बदली.

मामांनी मला बाजूला घेतलं. "ताई, त्या पुस्तकातलं मला मराठीत सांगाल का? टेबल सुटलं तर मी करू काय?"

मी हरखलेच! रोज साडेचारच्या चहाला शिकवणी सुरू झाली. सूत्रं पुस्तकातली, सोडवलेली उदाहरणं माझ्या कॉलेजच्या वहीतली.

*

एकदा चाचणीसाठी डबा गाडीत ठेवून आम्ही इगतपुरीकडे निघालो. ड्रायव्हर कैलासदादा. जीपीएस मुद्दाम बंद. पाऊण तासाने स्क्रीनवर पाहते तर आमची गाडी रस्ता सोडून थेट धरणाच्या पाण्यात!

कैलासदादांनी डोकावून पाहिलं. "मॅडम, काचा वर घेऊ का?"

मग मी त्यांना समजावलं, की गाडी पूर्ण थांबली की डब्याला कळतं, आपला वेग आत्ता शून्य आहे, आणि साचलेली चूक तो बऱ्यापैकी दुरुस्त करतो. झालं! तिथून घोटीपर्यंत पाच टपऱ्यांवर गाडी थांबली. दर वेळी दादा गंभीर चेहऱ्याने उतरायचे.

"चूक दुरुस्त करून येतो!"

*

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा. नेमका डबा चोवीस तासांच्या चाचणीवर होता. मी ठळक पाटी लावली: 'हात लावू नये.' मामांनी मान राखला. हळद-कुंकू लांबूनच वाहिलं, झेंडूचं फूल शेजारी ठेवलं आणि नारळ फोडला. त्याच फरशीवर!

आलेखावर हे एवढं टोक उभं राहिलं. बावीस तास चाललेली चाचणी वाया. मी संतापून स्क्रीन मामांसमोर धरली.

मामांनी ते टोक निरखून पाहिलं आणि हात जोडले. "पोचली, ताई. पूजा पोचली!"

*

इन्स्पेक्टर आले. मराठीच होते, मोजकं बोलणारे. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. चार प्रश्न मामांनी सरळ सोडवले. मग पाचवा.

"डबा सपाट ठेवला, अजिबात हलवला नाही. तरी वर तोंड केलेला, वळणं मोजणारा सेन्सर काहीतरी दाखवतो. काय दाखवतो?"

"पृथ्वीचं फिरणं, साहेब."

"प्लस का मायनस?"

हे तर मी कितीदा घोकून घेतलं होतं! मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसते ओठ हलवले: मायनस.

मामांनी मान खाली घातली. "प्लस, साहेब."

मी डोळे मिटून घेतले. गेलं टेबल!

"शिकवलं कोणी?"

"ताईंनी. त्यांनी मायनस सांगितलं व्हतं. पण टेबलावर रोज सकाळी प्लसच येतो."

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही कुठे शिकलात?"

"मेलबर्नला."

"मग बरोबर. विषुववृत्ताच्या खाली मायनसच येतो. नाशिक वर आहे!"

सगळे खो खो हसले. मामा हसले नाहीत. घाईघाईने म्हणाले, "साहेब, ताईंची चूक नाय. मला रोज दिसत व्हतं, मीच बोललो नाय. म्हटलं, पोरगी एवढ्या लांबून शिकून आलीय."

मामांचं टेबल राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजची वही घरीच ठेवली. मामांच्या टेबलाशी स्टूल ओढलं, कोरी वही उघडली आणि म्हणाले, "मामा, आता तुम्ही सांगा. पहिल्यापासून."