एका पायाचं स्टूल

कोंडिबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका पाणबुडी मोटरचे वेढे मोजत होतो. मोटर गुंडाळताना फोन घ्यायचा नाही हा माझा जुना नियम, कारण मोजणी चुकली की तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पण शशीचा फोन वाजून बंद झाला, लगेच पुन्हा वाजला, पुन्हा वाजला... आणि मी उचलला. शशी शिवी दिल्याशिवाय बोलायला सुरुवात करत नाही. त्या दिवशी तो नुसता "कोंडू गेला रे" म्हणाला. सकाळी अंघोळीला म्हणून उठला, छातीत कळ आली, दवाखान्याच्या दारात रिक्षा पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दसरा चार दिवसांवर आला होता. त्या दसऱ्याची तो किती वाट बघत होता हे आम्हां मोजक्या माणसांनाच माहीत होतं, आणि आता महिना उलटून गेला तरी माझ्या मनातून तो दसरा काही जात नाही. ती मोटर नंतर मी दोनदा उलगडली.

कोंडिबा वेल्ह्याच्या वरच्या पठारावरच्या धनगरवाडीचा. घरात म्हशी, म्हशींच्या शेजारी माणसं, असं त्याचं बालपण. आठवीला तो भोरच्या शाळेत आला आणि माझ्या नि शशीच्या बाकावर तिसरा म्हणून बसला, तो पुढे आयुष्यभर तिसराच राहिला. त्याच्या सदऱ्याला दुधाचा आणि धुराचा वास यायचा. शशी त्यावरून चिडवायचा, पण कोंडिबाला कधी राग आलेला मी पाहिला नाही. शाळा संपली, वडील थकले, आणि कोंडिबाला दूध डेअरीच्या टँकरवर ड्रायव्हरची नोकरी लागली. वडील गेल्यावर वाडीवर म्हशींकडे बघणारं कुणी उरलं नाही, म्हणून त्या विकल्या. भोरमध्ये त्यानं तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. सगळं रीतसर, चारचौघांसारखं. एकदाच, कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत, मठ्ठ्याचा ग्लास हातात धरून तो मला म्हणाला होता, "एवढं दूध वाहिलं मी, पर हाताला एक थेंब लागला न्हाई. नळीनं भरायचं, नळीनं सोडायचं." मी तेव्हा पुढची जिलबी वाढून घेत होतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघं युरोपला गेलो ही गोष्ट भोरमध्ये अजून कुणाला खरी वाटत नाही. शशीचा मुलगा निनाद जर्मनीत असतो. त्यानं हौसेनं एक जुनी कॅम्परव्हॅन घेतली होती. आत शेगडी, छोटी मोरी, दोन बिछाने, आणि तिसऱ्यानं पुढच्या सीटवर पाय दुमडून झोपायचं. कोंडिबा नुकताच निवृत्त झाला होता, माझं दुकान तेवढे दिवस बघायला पुतण्या होता, आणि निनाद म्हणाला, काका, तुम्ही तिघं या, तीन आठवडे गाडी तुमची. आता ती चालवायची कुणी, तर माझा परवाना स्कूटरपुरता, शशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. उरला कोंडिबा. त्यानं बाहेरच्या देशात चालतो तो परवाना काढला, निनादबरोबर शनिवार-रविवार शेजारच्या रस्त्यांवर हात बसवला, आणि सोमवारी आम्ही निघालो. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे पहिल्या दिवशी गिअर टाकायला त्याचा डावा हात जायचा आणि दाराची कडी हातात यायची. दर वेळी तो दाराला "राहू दे" म्हणायचा. रोज सकाळी गाडीभोवती फेरी मारून तो चारही चाकांना हात लावायचा, टँकरला लावायचा तसाच. शशीनं गाडीचं नाव डबा ठेवलं होतं. कोंडिबाला ते आवडत नसे. तो तिला गाडीच म्हणायचा.

ऑस्ट्रियातल्या एका घाटात डबा तापला. बोनेटमधून वाफ यायला लागली. मी उघडून पाहिलं, पंख्याच्या मोटरची तार जळाली होती. जोडता येण्यासारखी होती, पण सगळं गार व्हायला हवं होतं. कोंडिबानं गाडी कशीबशी एका सपाट कुरणाच्या कडेला नेऊन लावली. वर थोड्या अंतरावर एक लाकडी घर होतं, खिडकीत लाल फुलं होती, पण माणूस दिसलं नाही. आम्ही भात-पिठलं केलं आणि झोपलो.

सकाळी जाग आली ती गाईच्या हंबरण्यानं. हंबरणं थांबलं म्हणून मी पुन्हा डोळे मिटणार, तर कोंडिबाची सीट रिकामी दिसली. बाहेर आलो. कुरणात तो एका दांडग्या तपकिरी गाईच्या कासेला उकिडवा बसला होता, आमचं चहाचं पातेलं गुडघ्यांत धरलेलं, आणि धार काढत होता. तोंडानं बारीक आवाजात काहीतरी चाललं होतं, "उभी ऱ्हा बाय, उभी ऱ्हा"... गाय खरंच उभी होती. परदेशात, कुणाच्या तरी कुरणात, न विचारता दुसऱ्याच्या गाईची धार! शशी तर आतूनच ओरडला की आता पोलीस येणार. कोंडिबानं मान वर केली नाही. त्यांच्या वाडीचा एक रिवाज होता. शेजारी घरी नसला आणि त्याची म्हैस कास तटतटून ओरडायला लागली, तर जवळ असेल त्यानं धार काढायची, विचारत बसायचं नाही. दूध मात्र आपल्या घरात न्यायचं नाही, मालकाच्या दारात झाकून ठेवायचं. त्यानं नेमकं तेच केलं. पातेलं भरल्यावर तो वर गेला आणि त्या लाकडी घराच्या उंबऱ्यावर ते ठेवून वर आमची ताटली झाकली. आम्ही दोघं मागून, चोरासारखे.

दार उघडलं. एक म्हातारी बाहेर आली, उंच, हाडाची, आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. शशी इंग्रजीत माफी मागायला लागला, तिला त्यातलं काही कळेना. तिनं ताटली उचलली, दूध पाहिलं. मग कुरणातल्या गाईकडे पाहिलं, आणि मग कोंडिबाच्या हातांकडे. आत गेली आणि एक लाकडी स्टूल घेऊन आली. त्याला पाय एकच होता, मधोमध, आणि बसायच्या फळीला चामड्याचा पट्टा. पट्टा कमरेला बांधायचा, स्टूल मागे लोंबतं, एका गाईकडून दुसरीकडे जाताना हात मोकळे राहतात. बसलं की आपले दोन पाय आणि त्याचा एक. कोंडिबा पहिल्यांदा बसला तो सरळ शेणात आडवा झाला. म्हातारी इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. दुसऱ्यांदा तो नीट बसला, आणि तिच्या साऱ्या गाईंच्या धारा त्यानं काढल्या.

शशीच्या मोबाईलमध्ये त्यांच्या भाषेत बोललं की मराठीत सांगायची सोय होती. म्हातारी घरात एकटीच होती. हात मोडल्यापासून मुलगा खालच्या गावातून रोज येऊन धारा काढायचा, त्याला उशीर झाला की गाई ओरडायच्या. मदतीला एक बाई येणार होती, पण पुढच्या आठवड्यात. हे सगळं सांगून झाल्यावर तिनं मोबाईलला आणखी एक वाक्य सांगितलं, आणि त्यातल्या बाईनं वर्गात धडा वाचावा तसं विचारलं, "हा मनुष्य तोपर्यंत येथे राहील काय?"

"ऱ्हातो की," कोंडिबा म्हणाला. क्षणाचाही विचार नाही. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "तुमी जावा फिरून. मी हितं ऱ्हातो. परतताना मला घ्या."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पॅरिसच्या मनोऱ्याची तिकिटं काढलेली होती. शशीनं हळूच विचारलं, "अरे, पण गाडी कोण चालवणार?"

कोंडिबा खाली लावलेल्या गाडीकडे बघत राहिला... "व्हय," तो म्हणाला, "ते बी हायेच."

एवढंच. भांडण नाही, रुसवा नाही. त्या दिवसापुरते आम्ही थांबलो, संध्याकाळच्या धाराही त्यानं काढल्या. मी पंख्याची तार जोडली, आणि ती इतकी चांगली जोडली गेली याचं मला आज वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या धारा झाल्यावर निघालो. कोंडिबा ड्रायव्हरच्या सीटवर चढायला लागला तर चढता येईना. स्टूल कमरेलाच राहिलं होतं. तो पट्टा सोडायला लागला तेव्हा म्हातारीनं डाव्या हातानं त्याचा हात धरला आणि मान हलवली. घेऊन जा. त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला, ती बिचारी दचकून मागे सरली. पॅरिसला मनोऱ्यावरून आम्हाला धुकं दिसलं. कोंडिबा खाली गाडीतच बसून राहिला होता.

परत आल्यावर त्याचं एकच सुरू झालं. एक म्हैस घेतो. पठारावरचं घर अजून उभं आहे, कौलं बदलली की झालं. आम्ही सगळे त्याला समजावत राहिलो. पावसात वर गाडी जात नाही, गुडघे दुखतात, दुखलं-खुपलं तर दवाखाना लांब, आणि दूध पिणार कोण? शशी म्हणायचा, लोक परदेशातून घड्याळं आणतात, ह्यानं शेणाची आठवण आणली. कोंडिबाही हसायचा. त्याचा पुण्यातला मुलगा म्हणायचा, बाबा, आता आराम करा. त्याची बायको, आमच्या हिरावहिनी, म्हणायच्या, ह्या वयात शेण कोण काढणार. प्रत्येकाचं म्हणणं बरोबर होतं आणि प्रत्येकाच्या मनात त्याचं भलंच होतं. यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त लागतं. एखाद्यानं जरी वेड्यासारखं "घे रे" म्हटलं असतं, तरी त्याची दोन वर्षं तिथे गेली असती.

शेवटी त्यानं कुणाला विचारायचं सोडलं. भादव्यात गणपती गेल्यावर एक दिवस दुकानात येऊन मला म्हणाला, चल, वाडीवर जाऊन येऊ. वेल्ह्यापर्यंत एसटीनं गेलो, पुढे जीपनं, आणि शेवटी चिखलातून चालत. त्याच्या खांद्याला पिशवी होती, तिच्यात काय आहे ते सांगेना. वर त्याचा चुलतभाऊ भागू अजून म्हशी राखून आहे. त्याच्या गोठ्यातली एक काळीभोर म्हैस कोंडिबानं मनाशी धरली होती, नुकतीच व्यायलेली, पायाशी रेडकू. कोंडिबानं पिशवीतून स्टूल काढलं आणि कमरेला बांधलं. भागूची बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. तो बसला. दोन पाय त्याचे, एक स्टुलाचा. म्हशीनं एकदा मान वळवून त्याला हुंगलं आणि पान्हा सोडला. बादलीत धारेचा आवाज सुरू झाला. तिथे मी दगडावर बसून पाहत होतो, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की हा माणूस बाकी सगळी वर्षं कुठेतरी ताटकळत बसला होता.

व्यवहार तिथेच ठरला. कोंडिबा तर म्हणाला, मी आजच राहतो, घरी फोन करतो. पण भागूच्या बायकोनं अडवलं. "पितरं बसली परवापासनं, भावजी. असल्या दिसांत दावं कसं सोडायचं? दसऱ्याला या, म्या सवता ववाळून देते." कोंडिबाला ते पटलं. मलाही पटलं. आपल्याकडे कुणाला पटणार नाही? उतरताना तो मला कौलांचं सांगत होता, कुडाची भिंत कुठे लिंपायची ते सांगत होता, मधेच थांबून वळून वर बघत होता. तीच आमची शेवटची भेट.

परवा त्याच्या घरी गेलो. हिरावहिनींनी चहा ठेवला. बाहेरच्या खोलीत दाराआड ते स्टूल भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मला ते ही दोन वर्षं तिथे असंच दिसायचं आणि आठवण म्हणून ठेवलेली वस्तू वाटायचं. वहिनींनी सांगितलं तेव्हा कळलं. रोज पहाटे ते कमरेला बांधून तो गॅलरीत बसायचा. मांडीवर हात, आणि मुठी उघडायच्या, मिटायच्या... "मला वाटायचं, येयाम करत्यात," वहिनी म्हणाल्या. "म्या म्हनायची, पाठ दुखंल, खुर्ची घ्या की. एकदा बी म्या म्हनलं न्हाई, आना की म्हस." भागूनं ती म्हैस अजून कुणाला दिलेली नाही. तिचं काय करायचं ते तोही विचारत नाही, वहिनीही सांगत नाहीत.

आम्ही बोलत असताना दाराआडचं स्टूल घसरलं आणि फरशीवर आपटलं. वहिनी उठल्या, पदरानं पुसलं, पुन्हा टेकवलं. दिवसातून किती वेळा पडतं, म्हणाल्या. मुलगा खिळा ठोकून भिंतीवर लावतो म्हणत होता. हातात कसब असलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, वहिनी, मी लोखंडाची एक कडी करून देतो, तिच्यात उभं राहील.

"नगं भाऊजी," त्या म्हणाल्या. "मानूस बसलं तरच उबं ऱ्हातं ते. पडतंय तर पडू द्या."

चहा घेऊन मी निघालो. जिना अर्धा उतरलो असेन, तेवढ्यात वर पुन्हा ते पडल्याचा आवाज आला. मी कठड्याला धरून थांबलो. थोड्या वेळानं वहिनींची पावलं ऐकू आली, स्वयंपाकघरातून दाराकडे येणारी.