गोदाताईचा विस्तव

बाजाराचा दिवस होता. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी न्हाऊन, नव्या चुलीला पोतेरं देऊन निवांत चहा करत होते. चहा मात्र स्टोव्हवर होता, कारण नवी चूल अजून पेटायची होती. ती माझ्या थोरल्या बहिणीनं, गोदाताईनं, देऊळघाटहून बुलढाण्याला येऊन स्वतःच्या हातांनी घालून दिली होती आणि जाताना बजावलं होतं, "इंदे, वाळू दे चांगली. काडी लावजो नको. बाजाराच्या दिवशी मी माह्या चुलीतला विस्तव घेऊन येईन, मंग दूध उतू घालू."

त्यासाठीचं दूध मी पातेल्यात काढून ठेवलं होतं.

दारात गाडी थांबली. देऊळघाटची वांगी अन् मेथी घेऊन दर बाजाराला येणारी घरचीच गाडी. ताईचा मुलगा नामदेव उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि काहीतरी बोलला. स्टोव्हच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. तो पुन्हा म्हणाला, "मावशे, स्टो बंद कर."

मी चावी सोडली. घर एकदम गप्प झालं. मग त्यानं सांगितलं.

*

चुलीतली राख आणि गेलेल्या माणसाच्या गोष्टी, दोन्ही सारख्याच. सकाळी घमेलंभर काढावी, तर दुसऱ्या सकाळी तेवढीच साठलेली!

ताईच्या तेरवीपर्यंत मी देऊळघाटला, तिच्या माळीपुऱ्यात होते. सुतक होतं, घरात चूल पेटत नव्हती. गल्लीतून पाळीपाळीनं भाकरी येत, आणि प्रत्येक भाकरीबरोबर ताईची एक गोष्ट येई. बाया रडायला म्हणून पदर तोंडाला लावत, आणि थोड्या वेळानं तोच पदर हसू दाबायच्या कामी येई. माझ्या बहिणीला ते आवडलं असतं.

माळीपुऱ्यातली बहुतेक प्रत्येक चूल तिनं घातलेली. त्यासाठी तिनं कुणाकडून कधी काही घेतलं नाही. फक्त चुलीचं कौतुक मात्र तोंडावर करून घेई. "धूर येते काय? नाही ना? मंग म्हन तसं!"

तिच्या स्वतःच्या घरात काडेपेटी नव्हती. सासूनं हवाली केलेला विस्तव तिनं कधी विझू दिला नव्हता. जेवणं उरकली की बाभळीचा निखारा राखेत पुरायचा, सकाळी उकरून गोवरीवर घ्यायचा. भाऊजींना विडी ओढायची झाली तरी चुलीपुढं वाकावं लागे. ताई म्हणायची, "देवापुढं त कधी वाकत नाही, विडीसाठी तरी वाका!"

मी पोचले त्या दिवशी सगळे बाहेर बसले असताना मी आत गेले आणि तिच्या चुलीतल्या राखेत हात घातला. राख तळापर्यंत गार होती.

*

चुलीच्या मातीबद्दल ताईचा हट्ट असा की, माती गावच्या जुन्या गढीची पांढरीच हवी आणि तिच्यात घोड्याची लीद हवी. लीद नसली की चूल तडकते! आता माळीपुऱ्यात बैल दावणी-दावणीला, पण घोडा कुठून आणायचा?

एकदा गावात मोठ्या घरची वरात निघाली. नवरदेव घोड्यावर. पुढं वाजंत्री, मागं बाया, आणि घोड्याच्या अगदी मागं, पदर खोचून, हातात घमेलं घेतलेली गोदाताई! घोडा थांबला की ही थांबे, घोडा चालला की ही चाले.

नवरदेवाच्या आईला वाटलं, कुणी मानाची करवलीच असावी. तिनं अदबीनं विचारलं, "तुमी कोनाकडच्या व बाई? नवऱ्याकडच्या का नवरीकडच्या?"

ताई म्हणाली, "मी घोड्याकडची!"

*

चूल घालायच्या आधी ताई माप घेई. जिला स्वयंपाक करायचा तिला पाटावर बसवायची, गुडघा कुठं येतो, हात कुठवर पोचतो ते तिच्याच वितीनं मोजायची. "चोळी दुसरीच्या मापाची चालते काय? मंग चूल काऊन चालन?"

समोरच्या घरच्या यमुनाबाईकडे नवी सून आली, तेव्हा नवी चूल घालायची ठरली. ताई गेली. म्हणाली, "बस वं सूनबाई."

यमुनाबाई मध्ये आली. "तिचं माप काऊन? घर माहं, चूल माही. माहं माप घे."

"सैपाक कोन करन?"

"सून करन. माप माहंच घे!"

ताईनं यमुनाबाईलाच पाटावर बसवलं. यमुनाबाई चांगली उंच, हाडापेरानं दणकट, सून चिमणीएवढी. ताईनं यमुनाबाईच्या मापाची अशी सुंदर चूल घातली की बघत राहावं. सून तिच्यापुढं बसली, तर तिचा हात तव्यापर्यंत पोचेना! पाटावर पाट ठेवून पाहिला, तर डोळ्यात जाळाची धग. भाकरी एका बाजूनं कच्ची, दुसऱ्या बाजूनं कोळसा. शेवटी यमुनाबाईच पाटावर बसली आणि बसली ती बसलीच!

गावभर बोभाटा झाला की गोदीनं मुद्दाम केलं. यमुनाबाईनं बोलणं टाकलं. ताईचा उंबरा ती पुन्हा चढली नाही. पण चूल काही तिनं मोडली नाही.

"मोडन कशी?" ताई म्हणायची. "धूरच येत नाही!"

*

एका हिवाळ्यात गावाबाहेरच्या आमराईत कुणा साहेबाचा कॅम्प पडला. संध्याकाळी त्यांचा पट्टेवाला माळीपुऱ्यात आला. त्यांच्या काडेपेट्या ओल्या झाल्या होत्या. कुणीतरी ताईचं घर दाखवलं.

"बाई, विस्तव द्या. साहेबांचा चहा व्हायचा आहे."

"दिवे लागले," ताई म्हणाली.

"लागले तर लागले!"

"दिवे लागल्यावर घरातला विस्तव बाहेर जात नाही. त्याच्यासंगं लक्ष्मी जाते. सकाळी या."

"अहो बाई, सरकारी काम आहे!"

"मंग सरकारले सांगा, चहा दिवसा पेत जा!"

पट्टेवाला तणतणत गेला. गल्लीत सगळ्यांचे चेहरे पडले. भाऊजी म्हणाले, "काऊन व अशी करते? एक निखारा देल्ला असता त काय झालं असतं?" ताईनं परातीत पीठ घेतलं. थोड्या वेळानं नामदेवच्या डोक्यावर टोपलं देऊन तिनं कॅम्पवर गरम भाकरी, पिठलं आणि फडक्यात गुंडाळलेला चहाचा तांब्या पाठवला. निरोप दिला, "विस्तव नाही म्हनलं. भाकरीले नाही म्हनलं नव्हतं!"

सकाळी पट्टेवाला तांब्या घासून-पुसून घेऊन आला. या वेळी आवाज मऊ. "साहेब विचारतात, चूल कुणी घातली? पिठल्याला धुराचा वास नव्हता."

"माहीच हाय म्हना," ताई म्हणाली. "आन साहेबाले सांगा, जाताना घोड्याची लीद तेवढी ठेवून जा!"

*

आता माझ्या स्टोव्हची गोष्ट. शाळेच्या पगारातून घेतलेला पितळी स्टोव्ह ही माझी बुलढाण्यातली ऐट होती. ताई माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मी मुद्दाम तिच्यासमोर पेटवला.

ती दचकून मागं सरकली. "इंदे, ही चूल हाय का गाय? हंबरते केवढी!"

मी पंप मारायला लागले, तर म्हणे, "चुलीले फुंकर मारतेत व बाई. तू त तिले पिचकारी मारून राह्यली!"

दुसऱ्या दिवशी माझी सकाळची शाळा. परत आले, स्टोव्ह पेटवायला बसले, तर पेटेना. पंप मारून हात दुखले. नुसता रॉकेलचा वास! वाकून पाहिलं तर काय? बर्नरपासून पायापर्यंत सगळ्या स्टोव्हला शेणामातीचं सुरेख पोतेरं दिलेलं. पुढं रांगोळीची दोन बोटंही ओढलेली!

"ताई, हे काय केलंस?"

"मंग? रोज बिनपोतेऱ्याची पेटवते तू. लाज नाही वाटत? मास्तरीण झाली म्हनून काय झालं!"

सगळी दुपार मी पिन घेऊन भोकं कोरत बसले. ताई शेजारी बसून फुटाणे खात होती. आमचं दोघींचं जेवण तेच होतं. "तुह्या गायीनं आज एकादशी धरली," ती म्हणाली. मग कोपऱ्याकडं बघून म्हणाली, "जागा बरी हाय. तुले चूलच घालून देते." पाट ओढून मला बसवलं आणि माझा गुडघा मोजला.

हे सगळं झाल्यावर मला वाटलं होतं, माळीपुऱ्यात माझ्या स्टोव्हची चांगलीच टिंगल झाली असेल. तेरवीच्या आधी एक म्हातारी माझ्याजवळ सरकून बसली. हळूच म्हणाली, "मास्तरीणबाई, पितळेची गाय हाय म्हनतेत, ती तुमच्याच घरी ना? गोदा सांगे सगळ्यायले. म्हने, माह्या बहिणीसारखी चूल साऱ्या वऱ्हाडात नाही!"

*

लढाईच्या दिवसांत काडेपेटी मिळेनाशी झाली. दुकानदार ओळख बघून काढायचा. माळीपुऱ्याला मात्र त्याची झळ लागली नाही. उजाडलं की ताईच्या दारात बायांची रांग, प्रत्येकीच्या हातात एक गोवरी. ताई चुलीपुढं राणीसारखी बसलेली, चिमट्यानं एकेकीच्या गोवरीवर निखारा ठेवायची. रिकाम्या हातानं आलेलीला परत पाठवायची. "विस्तवाले येते आन गोवरी नाही? वरातीले येतं का कोनी नवरदेवाबिगर?"

यमुनाबाई स्वतः कधी आली नाही. सुनेला पाठवायची. सून निखारा घेऊन निघाली की ताई समोरच्या घराला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणे, "यमुना बोलत नाही माह्याशी, पन तिची भाकर माह्याच जाळावर फुगते!"

आणि समोरून, कुणालाही उद्देशून नाही अशा आवाजात, उत्तर येई, "भाकर फुगते आमच्या हातानं! जाळ त मसनातही असते!"

अशी दोघींची वर्षं गेली. सून सांगत होती, की एखाद्या सकाळी ताई काही बोलली नाही, तर यमुनाबाई तिला विचारी, "काऊन व, आज गोदीची तब्येत बरी नाही काय?"

*

तेरवीच्या दिवशी घरात चूल पेटवायची होती. नामदेवची बायको तुळसा पदराआड काडेपेटी घेऊन चुलीपुढं बसली. त्या घरात आलेली ती पहिली काडेपेटी. तिच्या हातून काडी ओढवेना.

इतक्यात दारात सावली पडली. यमुनाबाई. हातात गोवरी, गोवरीवर निखारा, वर राखेचं पांघरूण. इतक्या वर्षांनी ती उंबरा चढून आत आली.

"ठेव वं ते पोरी," ती तुळसाला म्हणाली. "काडी नको लावू."

मी विचारलं, "हा विस्तव कुठला, यमुनाबाई?"

"गोदीच्याच चुलीतला."

मग तिनं सांगितलं, आणि तुळसानं मान हलवली, कारण ती तेव्हा ताईच्या उशाशी होती.

ताईचा ताप उतरत नव्हता. शेवटच्या दिवशी संध्याकाळी, देवापुढं दिवा लावून तुळसा मागं वळली, तर ताई म्हणाली, "यमुनेले हाक मार." तुळसाला वाटलं, तापात बोलते. ताईनं पुन्हा सांगितलं. यमुनाबाई आली, पण उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

ताईनं तिच्या हाताकडं पाहिलं. "गोवरी कुठं हाय?"

"कायची गोवरी?"

"रिकाम्या हातानं आली? इतकी वर्स झाली, आजून समजत नाही तुले!" मग तुळसाला म्हणाली, "आपली दे. आन मधला मोठा निखारा दे तिले."

तुळसानं निखारा दिला. यमुनाबाईनं तो उंबऱ्याबाहेरून घेतला. देवघरातल्या दिव्याकडं पाहिलं.

"गोदे, दिवे लागले व."

"मले दिसते," ताई म्हणाली. "नीट राखेत ठेवजो. अर्धा या घरचा, अर्धा इंदूचा. तिची चूल वाळली असन."

यमुनाबाई निखाऱ्यावर पदराचा आडोसा धरून गल्ली ओलांडून गेली.

*

ताईच्या चुलीत जाळ आहे. तुळसाच्या हातची भाकर फुगते. धूर येत नाही.

मी बुलढाण्याला परत आले, त्याला आता बरेच बाजार झाले. नव्या चुलीला मी रोज सकाळी पोतेरं देते आणि मग स्टोव्हवर चहा ठेवते. नामदेव गाडी घेऊन येतो, वांगी उतरवतो, जाताना म्हणतो, "मावशे, यमुनाकाकू इचारते, कवा येशीन?"

माझा अर्धा निखारा यमुनाबाईच्या चुलीत आहे. तो ताई घेऊन येणार होती. आणायला मी अजून गेलेले नाही.